फियाट ११०० डिलाइट पुन्हा रस्त्यावर आणताना

१९७१ साली पुण्यात नोंदलेली एक फियाट ११०० डिलाइट फेब्रुवारी २०२४ मध्ये माझ्या नावावर झाली आणि रीतसर कागदपत्रांनिशी पुन्हा रस्त्यावर धावू लागली. जुनी गाडी शोधायला मी ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरुवात केली होती. या सगळ्या काळात मला सर्वांत जास्त उणीव भासली ती अथपासून इतिपर्यंतचा क्रम सांगणाऱ्या एखाद्या अनुभवाची. काम पूर्ण झालेल्या चकचकीत गाड्यांची छायाचित्रे हवी तेवढी पाहायला मिळतात. परंतु कोणत्या गाडीला नकार द्यावा, पैसा नेमका कुठे मुरतो आणि परिवहन कार्यालयात कोणता अर्ज आधी द्यावा लागतो, हे विचारायला गेले की प्रत्येकाचे उत्तर निराळे असते. म्हणून जे ज्या क्रमाने घडले ते त्याच क्रमाने येथे लिहीत आहे.

माझ्या मनात खरे तर डुक्कर फियाट होती. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून बाहेर पडू लागलेली ही फियाट ११०० तिच्या पुढच्या गोलसर ठेवणीमुळे आपल्याकडे याच नावाने ओळखली जाते आणि तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूला बिजागरी असल्याने मागे उघडतात. १९६४ मध्ये आलेल्या डिलाइटचे दरवाजे सरळ झाले आणि पुढे थोड्याफार फरकाने हीच गाडी आधी प्रीमियर प्रेसिडेंट व मग प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. हा वंशक्रम ध्यानात ठेवण्याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. डिलाइट आणि पद्मिनी यांचे १०८९ सीसीचे इंजिन, ब्रेक आणि पुढच्या चाकांची बांधणी बहुतांशी एकच असल्यामुळे पद्मिनीसाठी बनलेले कितीतरी सुटे भाग डिलाइटला बसतात. डुक्कर फियाटचे दरवाजे, काचा आणि दिवे मात्र दुसरी तशीच गाडी मोडल्याखेरीज हाती लागत नाहीत. हे मला तेव्हा ऐकून ठाऊक होते, पण मन डुक्कर फियाटवरच जडले होते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये रत्नागिरीजवळच्या एका गावी अशी गाडी विकायची असल्याचे कळले आणि मी ती पाहायला गेले. घराच्या पडवीत उभी असलेली ती गाडी दुरून इतकी सुरेख दिसत होती की सौदा तेथेच करावा असे वाटले. माझ्यासोबत आलेल्या पत्राकाम करणाऱ्या मिस्त्रींनी खिशातून एक लहान लोहचुंबक काढले, ते पातळ फडक्यात गुंडाळले आणि गाडीच्या कडेने हळूहळू फिरवायला सुरुवात केली. छतावर आणि बॉनेटवर ते घट्ट चिकटत होते. मडगार्डच्या खालच्या कडेला आले की निसटून हातात पडत होते. जेथे चुंबक धरत नाही तेथे पत्रा नसून नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते, हे त्या दिवशी मी प्रथम पाहिले. मग त्यांनी दरवाज्याखालच्या आडव्या पट्टीवर अंगठा दाबला, तर गंजाचे पापुद्रे सुटून भुईवर पडले आणि अंगठा आत गेला. पायाखालचे रबर उचलल्यावर पडवीची जमीन दिसली. गाडीच्या मालकांनी काही लपवले नाही. ते म्हणाले, “ताई, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्लाय. रंग तेवढा मी दर दोन-तीन वर्षांनी देत आलो.”

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. फियाट ११०० ला वेगळी चॅसिस, म्हणजे वजन पेलणारा स्वतंत्र लोखंडी सांगाडा, नसते. तळाचा पत्रा, दरवाज्याखालच्या पट्ट्या आणि खांब हे सारे मिळून गाडीचे वजन पेलतात. त्यामुळे या ठिकाणचा गंज हा सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. गाडी मधोमध वाकते, दरवाजे घासू लागतात आणि वर कितीही रंग दिला तरी ती चालवणे धोक्याचे असते. शिवाय त्या गाडीचे नोंदणी पुस्तकही हरवलेले होते आणि मूळ मालकाचा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता. परतीच्या वाटेवर मी फार खिन्न होते. मिस्त्रींनी मात्र एक सल्ला दिला, तो पुढे मी कधी सोडला नाही: कोकणातल्या गाडीपेक्षा सोलापूर, सांगली, विजापूर अशा कोरड्या मुलखातली गाडी शोधा, तिचे रबर उन्हाने गेलेले असेल, पण पत्रा शाबूत असेल.

पुढचे काही महिने पाहण्यात गेले. नाशिकला एक स्टँडर्ड हेराल्ड पाहिली. मद्रासमध्ये बनलेल्या या गाडीला स्वतंत्र चॅसिस असते आणि मडगार्डसकट सबंध बॉनेट पुढच्या बाजूला उलटते, त्यामुळे इंजिनाजवळ बसून काम करणे अतिशय सोपे जाते. नवशिक्यासाठी ती उत्तम ठरली असती. पण काचेभोवतीचे रबर आणि बाहेरचे पत्रे कोठून आणायचे, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे मिळाले नाही. अँबॅसेडरचे उत्पादन उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत चालू होते, त्यामुळे तिच्या सुट्या भागांची चिंता सर्वांत कमी. परंतु माझ्याकडे असलेल्या जागेत ती उघडून ठेवणे शक्य नव्हते. जागेचा हा विचार लोक फार उशिरा करतात. सुटी केलेली गाडी उभ्या गाडीच्या दुपटीहून अधिक जागा अडवते आणि तिचे दरवाजे, सीट, काचा वर्ष-दोन वर्षे कोरड्या जागी ठेवाव्या लागतात.

पुण्यातच १९८५ ची एक पद्मिनी जवळजवळ ठरली होती. गाडी चालू होती, रंग बरा होता, किंमत वाजवी होती. मिस्त्रींनी इंजिनवरचा क्रमांक खडूने घासून वाचला आणि तो नोंदणी पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळला नाही. पूर्वी कधीतरी इंजिन बदलले गेले होते आणि त्याची नोंद कोणी करून घेतली नव्हती. असा बदल नंतर नियमित करून घेता येतो, पण त्यासाठी त्या दुसऱ्या इंजिनाची मालकी सिद्ध करणारा कागद लागतो, आणि तीस वर्षांपूर्वीच्या खरेदीची पावती कोणाजवळ असणार? मी ती गाडी सोडली.

एवढे पाहून झाल्यावर निवडीचा क्रम माझ्या मनात पक्का झाला: आधी पत्रा, मग कागद, मग सुटे भाग आणि सर्वांत शेवटी इंजिन. बहुतेक खरेदीदार नेमके उलट करतात. इंजिन सुरू झाले की त्यांना हायसे वाटते. वास्तविक बंद पडलेले इंजिन लेथवाल्याकडे ठरावीक पैशात आणि ठरावीक दिवसांत दुरुस्त होते. सडलेल्या पत्र्याला आणि हरवलेल्या कागदाला अशी मर्यादा नसते.

मला आणखी एक भीती होती, ती म्हणजे पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात काढावीच लागते की काय. दिल्ली आणि राजधानी क्षेत्रात जुन्या पेट्रोल गाड्यांवर आलेल्या पंधरा वर्षांच्या बंदीमुळे हा समज सर्वत्र पसरला आहे. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर गाडी तपासणीत योग्य ठरली तर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. याखेरीज जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी तीत बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, तिची मुदत दहा वर्षे, आणि नव्याने नोंदलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला ती चालत नाही. मला गाडी खरोखर चालवायची होती, म्हणून मी साध्या नूतनीकरणाचा मार्ग धरला. ज्यांना केवळ संग्रह करायचा आहे त्यांनी विंटेज नोंदणीचा विचार अवश्य करावा.

मार्च २०२२ मध्ये सोलापूरची डिलाइट सापडली. मूळ मालकांनी ती १९७१ मध्ये पुण्यात नव्याने घेतली होती, निवृत्तीनंतर ते गाडीसह सोलापूरला गेले आणि त्यांच्या निधनानंतर काही वर्षे ती पत्र्याच्या शेडमध्ये तशीच उभी होती. दरवाज्यांची रबरे हाताला लागताच भुगा होत होती, चारी चाके बसली होती, इंजिन फिरत नव्हते. पण चुंबक जवळपास सगळीकडे धरत होते. गंज होता तो डाव्या बाजूची खालची पट्टी, मागच्या चाकांच्या कमानी आणि बॅटरीखालचा पत्रा एवढ्यापुरता. इंजिन आणि चॅसिसचे दोन्ही क्रमांक पुस्तकाशी जुळले. नोंदणीचे शेवटचे नूतनीकरण २०१६ मध्ये झाले होते आणि त्याची मुदत २०२१ मध्ये संपली होती. किंमत १,४०,००० रुपये ठरली.

गाडी अजून दिवंगत मालकांच्याच नावावर होती. अशा वेळी ती थेट खरेदीदाराच्या नावावर होत नाही. आधी नमुना ३१ भरून ती वारसाच्या नावावर करावी लागते आणि त्यानंतर नमुना २९ व ३० भरून ती खरेदीदाराकडे येते. मालकांच्या पत्नी वृद्ध होत्या, म्हणून गाडी मुलीच्या नावावर करायचे ठरले आणि काकूंनी व मुलाने हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रे दिली. दोन वर्षांनी सह्या लागतील तेव्हा कोण कोठे असेल हे सांगता येत नाही, म्हणून मुद्रांकावर करारनामा करून नोटरी केला. त्यात पूर्ण किंमत मिळाल्याचा उल्लेख, दोन्ही क्रमांक आणि पुढील सर्व अर्जांवर सही करण्याची हमी लिहून घेतली. मृत्यू दाखल्याच्या साक्षांकित प्रती मी तेव्हाच जादा मागून ठेवल्या आणि त्या सगळ्या वापराव्या लागल्या.

एप्रिलमध्ये परिवहन कार्यालयात चौकशी केली तेव्हा गाडी ‘वाहन’ या नोंदणीच्या संगणकीय प्रणालीत दिसतच नव्हती. १९८९ मध्ये एमएच मालिका सुरू होण्यापूर्वीचा तो तीन अक्षरी क्रमांक होता आणि अशा पुष्कळ गाड्यांच्या नोंदी कागदी नोंदवहीतच राहिल्या आहेत. त्या संगणकावर चढवण्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. वारसाच्या नावाने अर्ज, मूळ पुस्तक, कराच्या जुन्या पावत्या आणि नोंदवहीतील उतारा, ज्याला बी एक्स्ट्रॅक्ट म्हणतात, एवढे दिले. जुनी वही अभिलेख कक्षातून सापडून नोंद चढेपर्यंत सुमारे दोन महिने गेले. हे काम गाडी उघडण्याआधीच करून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. प्रणालीत नोंद नसेल तर विमा निघत नाही, पीयूसी निघत नाही, कोणतेही शुल्क भरता येत नाही. आणि समजा नोंदवहीत गाडी सापडलीच नाही, तर तोवर खर्च केलेले लाखभर रुपये कोठे न्यायचे?

नोंद चढल्याचे कळले आणि मगच गाडी सुटी करायला घेतली. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी, काढताना आणि काढल्यावर छायाचित्र घेणे, स्क्रू आणि बोल्ट प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून आत कागदाची चिठ्ठी ठेवणे, हे कंटाळवाणे काम मी स्वतः केले. चिठ्ठी शाईपेनाने लिहू नये. ग्रीसचा हात लागला की अक्षर पुसते. पेन्सिलचे टिकते. दरवाज्याच्या आतली पुठ्ठ्याची पॅड काढली तेव्हा तेथे मूळ फिकट निळा रंग जसाच्या तसा मिळाला. बाहेरून गाडी पांढरी केली गेली होती. तो निळा तुकडा पाहिला आणि रंगाचा प्रश्न माझ्यापुरता मिटला.

पत्राकाम जुलै २०२२ मध्ये सुरू झाले. डावी पट्टी कापायची होती आणि मी समजत होते की सडलेला भाग कापून नवा जोडला की झाले. मिस्त्रींनी आधी दरवाज्यांच्या मोकळ्या चौकटींत लोखंडी अँगल आडवे-तिरपे वेल्ड करून घेतले. खालची पट्टी निघाली की गाडीचा मधला भाग स्वतःच्या वजनाने खचतो, आणि तो खचलेल्या स्थितीत नवी पट्टी जोडली तर दरवाजा आयुष्यात पुन्हा नीट बसत नाही, हे त्याचे कारण. गाडी चारी बाजूंनी टेकूंवर एका पातळीत घेतली, मग थोडा भाग कापायचा, वीस गेजच्या पत्र्यातून तसाच घडवायचा, तात्पुरते टाके मारायचे आणि दरवाजा चढवून पाहायचा. दरवाज्याच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, हे ते चार मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी सरकवून पाहत. पट्टी कोठे अडकली की टाके तोडून पुन्हा बसवणी. सलग वेल्डिंग ते कधीच करत नसत. एक टाका येथे, दुसरा वीतभर अंतरावर, मग पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबायचे, कारण पातळ पत्रा एका जागी तापला की लाटेसारखा उठतो. हे बघत मी कित्येक शनिवार तेथे बसून काढले आणि त्या माणसाच्या हाताबद्दल माझ्या मनात जो आदर निर्माण झाला तो शब्दांत मावणारा नाही.

हे काम फेब्रुवारी २०२३ पर्यंत चालले. मिस्त्रींकडे अपघाताच्या गाड्याही येत, आणि विम्याच्या कामाला मुदत असल्यामुळे त्या पुढे जात. या मधल्या काळात गाडी जागेवरून हलत नाही असे वाटून मला कधी कधी फार निराशा येई. यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे एकाच वेळी दुसऱ्या एखाद्या भागाचे काम घरी हाती घेणे. मी त्या काळात घड्याळांचे पॅनेल, वायपरची मोटर आणि दरवाज्यांची कुलपे साफ केली. पैशाच्या बाबतीत मात्र एक शिस्त पाळली: आगाऊ मोठी रक्कम न देता प्रत्येक टप्पा पूर्ण झाल्यावर त्या टप्प्याचे पैसे. पत्राकामाला एकूण १,६५,००० रुपये लागले.

रंग पावसाळ्यापूर्वी संपवायचा असा माझा हट्ट होता, कारण दमट हवेत पत्रा आणि प्रायमर यांच्यामध्ये ओल अडकली की वर्षभरात रंगाला फोड येतात. जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवताना वाळूचा मारा फक्त जाड भागांना, म्हणजे चाकांना आणि पुढच्या सस्पेन्शनच्या आर्मना केला. दरवाजे आणि बॉनेट रासायनिक रिमूव्हरने आणि हाताने साफ केली, कारण सपाट पातळ पत्रा वाळूच्या माऱ्याने वाकतो. साध्या प्रायमरमधून पाणी झिरपते, म्हणून आधी एपॉक्सी प्रायमर दिला. मूळ काळातला ड्युको रंग द्यावा की आजचा पीयू (पॉलियुरेथेन), यावर जाणकारांत मतभेद आहेत. ड्युकोची मऊ झळाळी मला अधिक आवडते, तरी उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी पीयू निवडला. दरवाज्याच्या आतल्या निळ्या तुकड्यावरून छटा जुळवली. रंगाचे १,२०,००० रुपये झाले आणि मेअखेर गाडी निळी होऊन उभी राहिली.

इंजिनाकडे आम्ही जून २०२३ मध्ये वळलो. ते जाम होते, म्हणून स्पार्क प्लग काढून चारी छिद्रांत डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रण ओतले आणि ते पंधरवडाभर तसेच ठेवले. त्यानंतर पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हलके जोर दिल्यावर ते अर्धा फेरा फिरले. जबरदस्तीने फिरवले तर रिंगा तुटून सिलिंडरला चरे पडतात. हेड निघायला वेळ लागला. ते अ‍ॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असल्याने स्टडभोवती पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि हेड जागीच बसते. लेथवर सिलिंडर बोअर करून पुढच्या मापाचे पिस्टन, क्रँक ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंग, हेडचे फेसिंग आणि नवे व्हॉल्व, एवढे केले. गिअरबॉक्सच्या किरकोळ दुरुस्तीसह ७८,००० रुपये लागले. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि जुने रबर ते सहन करत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची वॉशरे इथेनॉल चालणाऱ्या रबराची घेतली. हा खर्च अगदी किरकोळ आहे आणि टाळल्यास गळतीमुळे आगीचा धोका आहे.

पिस्टन, बेअरिंग, किंगपिन (ज्यांवर पुढची चाके वळतात त्या खुंट्या), ब्रेकचे सिलिंडर हे सारे पुण्याच्या नाना पेठेत पद्मिनीचे म्हणून मिळाले. समोरची जाळी आणि मागच्या दिव्यांच्या काचा मात्र मॉडेलनुसार बदलत गेलेल्या असल्याने डिलाइटच्याच लागतात. मागच्या दिव्याची एक काच मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी फिरताना मिळाली, दुसरी कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडे. जुना भाग, कितीही खराब असो, नवा हातात येऊन गाडीला बसेपर्यंत टाकू नये. दुकानदाराला तो दाखवला की शब्दांनी समजावण्याची गरज राहत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इंजिन प्रथम सुरू झाले. आधी प्लग न लावता सेल्फ फिरवून तेलाचा दाब आल्याची खात्री केली, मग १-३-४-२ या क्रमाने वायरी लावल्या आणि चोक ओढला. चारी सिलिंडरांचा एकसारखा आवाज लागला तेव्हा मला रडू आवरले नाही. त्याच महिन्याच्या ३० तारखेला मुंबईतील शेवटची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण होऊन सेवेतून बाहेर पडली. त्या बातमीने वाईट वाटलेच, आणि चिंताही वाटली. मुंबईच्या टॅक्सींमुळेच या गाडीचे भाग इतकी वर्षे बनत आणि विकले जात राहिले. आता जो साठा दुकानांत आहे तोच आहे. ज्यांच्या मनात फियाट किंवा पद्मिनी आहे त्यांनी ब्रेकचे भाग, किंगपिनचा संच आणि वॉटर पंप गाडी घेतल्या घेतल्या विकत घेऊन ठेवावेत.

वायरिंग, सीट, क्रोम आणि टायर यांची कामे डिसेंबरपर्यंत झाली. त्यांत क्रोमवाल्याकडचा वेळ सर्वांत जास्त आणि सीटचा खर्च क्रोमपेक्षाही अधिक, ४५,००० रुपये. गाडीच्या किमतीसह सारा हिशेब पावणेसात लाखांच्या आसपास गेला. सुरुवातीला मी साडेचार लाख धरले होते. वाढीव रक्कम मुख्यतः पत्रा आणि रंग यांत गेली, त्यामुळे अंदाज बांधताना या दोन बाबींत निम्म्याची भर आधीच धरावी.

जानेवारी २०२४ मध्ये नूतनीकरणाचा नमुना २५ आणि वारसाचा नमुना ३१ असे दोन्ही अर्ज भरले. शुल्काचे आकडे त्या वेळचे आहेत. भरण्यापूर्वी परिवहन पोर्टलवर चालू दर पाहावेत. नूतनीकरणाचे ५,००० रुपये, पेट्रोल मोटारीचा पाच वर्षांचा पर्यावरण कर ३,००० रुपये आणि मुदत उलटून गेल्याबद्दल दरमहा ५०० रुपये विलंब शुल्क. गाडी तपासणीस उभी राहण्याजोगी होईपर्यंत नूतनीकरण होत नाही आणि तोवर हे विलंब शुल्क चढत राहते. आमचे ते दहा हजारांच्या पुढे गेले. कामाच्या अंदाजपत्रकात ही ओळ पहिल्यापासून असावी. हजार ते दीड हजार सीसीच्या मोटारीचा तृतीय पक्ष विमा ३,४१६ रुपये अधिक जीएसटी असा होता; विंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीला यात निम्मी सवलत मिळते, आमच्या गाडीला ती लागू नव्हती. पीयूसीसाठी या काळातल्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे. नव्याने बांधलेले इंजिन सुरुवातीला जास्त पेट्रोल ओढते, म्हणून चाचणीपूर्वी कार्बोरेटर नीट लावून घेतला आणि इंजिन चांगले गरम करून मगच नळी लावू दिली.

नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवणे नियमाला धरून नसल्याने ती तपासणीसाठी टोइंगच्या गाडीवर चढवून नेली. निरीक्षकांनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, हँडब्रेक पाहिले आणि चॅसिस क्रमांकाची पेन्सिलने छाप घ्यायला सांगितले. त्या ठोकलेल्या अक्षरांवर रंगाचा जाड थर बसू नये म्हणून रंगाच्या वेळी आम्ही तेथे टेप लावून फक्त पातळ प्रायमर दिला होता. छाप पहिल्याच वेळी स्वच्छ उठली. रंग पांढऱ्याचा निळा झाला होता, परंतु पुस्तकात मुळात निळाच नोंदलेला असल्याने त्यासाठी वेगळा अर्ज लागला नाही. ज्यांचा रंग पुस्तकाशी जुळत नसेल त्यांना बदलाची नोंद करून घ्यावी लागेल.

नूतनीकरण होऊन गाडी मूळ मालकांच्या मुलीच्या नावावर आली, त्या ताई सोलापूरहून येऊन नमुना २९ च्या दोन प्रतींवर आणि नमुना ३० वर सह्या करून गेल्या, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस हस्तांतरण मंजूर झाले. त्यानंतर चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीला कळवावे लागते. हे अनेकांच्या लक्षातून निसटते. नोंदणीचे कार्ड टपालाने घरी आले त्या दिवशी मी काकूंना दूरध्वनी केला आणि पुढच्या रविवारी गाडीचे छायाचित्र पाठवले. मूळ निळा रंग त्यांना आठवत होता.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तेल बदलून, इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट पुन्हा ठरावीक दाबाने कसले. किंगपिनना महिन्यातून एकदा ग्रीस भरते आणि चारी चाकांचे ड्रम ब्रेक एकसारखे लागतात का ते मोकळ्या रस्त्यावर पाहते. पुढचे नूतनीकरण २०२९ मध्ये आहे. त्यासाठी करारनामा, बी एक्स्ट्रॅक्टची प्रत, सर्व शुल्कांच्या पावत्या, इंजिनच्या कामाची बिले आणि दोन्ही क्रमांकांची रंगापूर्वीची छायाचित्रे एका फाइलमध्ये क्रमाने लावून ठेवली आहेत आणि त्या सगळ्यांची दुसरी प्रत घराबाहेर, बहिणीकडे आहे.